लाल रेघेपर्यंत

कुंदा, तू सोमवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी गेलीस. तापाचा आठवा दिवस होता. लेप्टोचं, म्हणजे चिखलपाण्यातून होणाऱ्या तापाचं, निदान चौथ्या दिवशी झालं होतं. आधी मूत्रपिंडं थांबली, मग श्वास. मंगळवारच्या अंकात तुझ्या निधनाची बातमी मीच दिली, सात ओळींची. वय, हुद्दा, कॉलेज, मागे आई आणि भाऊ. सगळं बरोबर आहे, मी दोनदा तपासलं. त्या सात ओळींत जे बसत नव्हतं ते आज एकोणिसाव्या दिवशी लिहितो आहे.

तापाच्या तिसऱ्या दिवशी मी रुग्णालयात आलो तेव्हा तू शुद्धीवर होतीस. डोळे पिवळे झाले होते. हाताला सलाईन होतं. मी स्टुलावर बसायच्या आतच तू म्हणालीस, "माझी आता बाटली घेव नको कोण. अँटिबायोटिक चालू आसा. पोटातले सगळे मेले असतले."

मला कळायला थोडा वेळ लागला. तू तुझ्या आतड्यातल्या जंतूंबद्दल बोलत होतीस.

मग तू विचारलंस, "पत्र इलां?"

प्रयोगशाळेचं पत्र आलं नव्हतं.

"आणि तुझी दुरुस्ती?"

तीही छापून आली नव्हती. तू डोळे मिटलेस. रागाने की थकव्याने, हे मला खात्रीने सांगता येत नाही. त्यानंतर आपलं बोलणं झालं नाही.

जे हे वाचतील त्यांना त्या दुरुस्तीबद्दल माहीत नाही, म्हणून क्रमाने लिहितो. तुला क्रम आवडायचा. मी बातमी मधूनच सुरू केली की तू पान परत द्यायचीस आणि म्हणायचीस, "आधी काय झालां तां आधी लिही."

आपण एका वर्गात होतो. मी शहरातल्या वृत्तपत्रात सहा वर्षं काढून इथल्या वृत्तपत्रात बातमीदार म्हणून परत आलो, तू घाटावर सूक्ष्मजीवशास्त्र शिकून कॉलेजात शिकवायला आलीस. तुझी नेमणूक तात्पुरती होती, दर वर्षी नव्याने होणारी. वाडीत परत आलेल्यांकडे लोक जरा संशयानेच बघतात. दर रविवारी मी आठवड्याच्या बातम्या घेऊन तुझ्या ओट्यावर यायचो. तू चहा पीत लाल पेनाने त्यातले 'त्यामुळे' खोडायचीस. "धक्को खचलो, त्यामुळे होडी फुटली, ह्यां तुका कोणी सांगलां? होडी फुटली आणि धक्को खचलो. येवढांच तुका म्हायत आसा." मी चिडायचो. पुढच्या रविवारी पुन्हा यायचो. माझ्या बातम्यांत आज जे काही नेमकं असेल, ते त्या पेनाचं आहे. हे तुला कधी सांगितलं नाही.

२००४च्या फेब्रुवारीत वाडीतल्या बचत गटाला एका योजनेतून सोयाबीन दळायचं यंत्र मिळालं. आपल्या बाजूला सोयाबीन पिकत नाही. पोती टेम्पोने आंबोली घाट उतरून यायची. यंत्राबरोबर एक छापील पत्रक होतं. सोयाबीनच्या पिठाने पाळी जाण्याच्या वयातला त्रास कमी होतो आणि हाडं बळकट होतात, असं त्यात लिहिलं होतं. ते पत्रक बातमीसाठी माझ्याकडे आलं आणि मी तुला दाखवलं. तू ते उभ्यानेच वाचलंस आणि विचारलंस, "कोणाची हाडं?"

मी म्हणालो, बायकांची.

"कुठल्या बायकांची? सगळ्या बायकांची पोटं सारखी नसतात."

दुसऱ्या आठवड्यात तू गटाच्या बायकांना मासळी बाजाराच्या पायऱ्यांवर गोळा केलंस. दुपारची वेळ होती, विक्री संपली होती, पाट्या धुऊन पालथ्या घातलेल्या होत्या. मी बाजूला वही घेऊन बसलो होतो. वहीत तुझे शब्द जसेच्या तसे आहेत.

"फणस सगळ्यांच्या परड्यात आसता," तू म्हणालीस. "पण फणस फोडणारो सगळ्यांच्या घरात नसता. तसांच ह्यां. सोयाबिनात एक पदार्थ आसा, साखरेक बांधून ठेवल्यासारखो. आतड्यातले जंतू आधी ती साखर तोडतत. मगे उरलेल्याचे तुकडे करतत. थोड्या बायकांच्या पोटात असे जंतू आसत की ते त्येचो तिसरोच पदार्थ करतत. तो अंगाक लागता, असां म्हणतत. बाकीच्यांच्या पोटात तो होणाच नाय. कितीय सोयाबीन खावा."

भागीकाकी पुढच्या पायरीवर होती. साठीची बाई, चाळीस वर्षं डोक्यावर मासळीची पाटी. कंबर दुखायची. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिला हाडांसाठी गोळ्या लिहून दिल्या होत्या. तिने विचारलं, "मगे माझ्या पोटात आसत काय ते?"

"तांच तर बघूचां आसा, काकी."

"कसां बघतलस?" तिच्या शेजारची तारामती म्हणाली. "पोट फोडून?"

"मुतात गावता."

बायका हसायला लागल्या. तू हसली नाहीस, पुढे सांगत राहिलीस. "त्येचां नाव इक्वॉल. पयल्यांदा गाभण घोडयेच्या मुतात गावलां, म्हणान घोडयेवरसून नाव पडलां."

"म्हंजे आमी काय घोडयो गो?" भागीकाकी म्हणाली.

"तू घोडी खंयची?" तारामती म्हणाली. "रोज येवढी पाटी व्हतस, तू गाढव."

त्यावर मात्र तूही हसलीस. बायका तयार झाल्या. सतरा त्या आणि अठरावी तू. तुझं म्हणणं होतं की जे दुसऱ्याला करायला सांगतो ते आपणही करावं.

तीन दिवस सगळ्यांनी सोयाबीनच्या पिठाची घावनं खायची आणि चौथ्या दिवशी सकाळचं पहिलं बाटलीत द्यायचं, असं ठरलं. घावनांबद्दल तारामतीचा अभिप्राय होता, "भुसो खाल्ल्यासारखां लागता." तरी सगळ्यांनी खाल्ली. छोट्या बाटल्या तू स्वतः उकळून घेतल्यास. प्रत्येकीवर क्रमांक घातलास आणि निम्म्याच्या जरा वर लाल पेनाने एक रेघ मारलीस. रेघेपर्यंत भरा, असं सांगितलंस. खरं तर तुला त्याच्या पाव भागही पुरला असता. रेघ नुसती सोयीसाठी होती.

चौथ्या दिवशी सकाळी तारामतीने सतरा बाटल्या एका पाटीत घालून, वर केळीचं पान झाकून, तुझ्याकडे आणून दिल्या. अठरावी तुझ्या घरात होती. बर्फाच्या कारखान्यातून बर्फ आणला. थर्माकोलचा खोका भरला. मासे घेऊन घाट चढणाऱ्या गाडीत तो ठेवला. चालकाने विचारलं, आत काय आसा? तू म्हणालीस, "सुरमई न्हय, येवढांच सांगतंय." घाटावरच्या ज्या प्रयोगशाळेत तुझी मैत्रीण काम करायची तिथे तो खोका गेला. ती ते काम तिच्या कामाच्या वेळेबाहेर करणार होती.

मार्चच्या शेवटी निकाल आला. तू कागद घेऊन माझ्या कार्यालयात आलीस. लुना स्टँडवर न लावता भिंतीला टेकवलीस, हे मला आठवतं, कारण ती नंतर पडली. तू म्हणालीस, "सगळ्यांच्यात आसा. अठराच्या अठरा."

तुझा चेहरा त्या दिवशी होता तसा मी नंतर पाहिला नाही. तू भराभर बोलत होतीस. आपण रोज मासे खातो, आंबवलेली पेज खातो, कदाचित किनाऱ्यावरच्या पोटांत काही वेगळंच असेल. मग बोलता बोलता तू थांबलीस आणि कागद परत पाहिलास. सतरा बायकांचे आकडे एकमेकांशी फार जुळत होते. तुझा एकटीचा वेगळा होता.

"माझीच बाटली बिघडली असेल," तू म्हणालीस. आणि मग, "नाही, थांब. माणसांचे आकडे इतके जुळत नाहीत. मी परत एकदा घेते. तोवर काही देऊ नको."

मी म्हणालो, पान पाच वाजता जातं.

"तुका घाई कसली रे? बातमी काय बांगडो आसा, कुसतली म्हणान?"

मी म्हणालो, बातमी बांगडाच असते. तू हसलीस. मी थांबणार, असं तुला वाटलं असावं. तू गेलीस तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती. पाच वाजता मी बातमी दिली.

मथळा होता, 'सोयाबीन ठरले किनाऱ्यावरील महिलांचे औषध'. औषध हा शब्द तुझ्या तोंडी एकदाही आला नव्हता. तो माझा होता.

दुसऱ्या दिवशी तू आली नाहीस. तिसऱ्या दिवशी अंक घेऊन आलीस. बातमीत 'त्यामुळे' तीन वेळा होता. तिन्ही खोडलेले होते. तू अंक टेबलावर ठेवलास आणि एवढंच म्हणालीस, "मेल्या, थांब म्हणान सांगलंय ना तुका?"

मे महिन्यात तुला खरं कळलं. तेही चौकशी करून नव्हे. आपण बाजाराच्या पायऱ्यांवर होतो. तू दुसऱ्या फेरीची तयारी करत होतीस आणि बोलता बोलता म्हणालीस की गेल्या वेळी सगळ्यांनी बाटल्या कशा अगदी रेघेपर्यंत भरून दिल्या होत्या.

"भरल्यो तर भरल्यो," भागीकाकी म्हणाली. "माझी तर कशीबशी चमचोभर होती. तारामतीक भरपूर होता. तिनां सगळ्यांका वायच वायच दिल्यान."

तू विचारलंस, काय दिल्यान?

"अगो, तांच. सगळयो बाटल्यो तिच्या अंगणात जमल्यो. कोणाची अर्धी, कोणाची पाव. बरां दिसता काय तां? मगे सगळां एका तपेल्यात ओतलां आणि सारख्यो भरल्यो. तुझ्या रेघेपर्यंत."

"काकी, कित्याक पण?"

भागीकाकीला प्रश्नच कळला नाही. तिने तुझ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "रापण ओढून मासळी वाटताना कोणाची पाटी अर्धी दिसली तर आमी चार बांगडे टाकतंव की नाय? अर्धी पाटी घेवन कोण घराक जाता? तुका अर्धी बाटली कशी धाडतलंव? तुका वरचे बोलले असते."

तुझ्यावर कोणी वरचे नव्हते. तू कामाला लावलेल्या त्या सगळ्या बायकांना मात्र तशीच खात्री होती. सतरा बाटल्यांत सगळ्यांचं मिसळलेलं होतं, म्हणजे एकीच्या पोटात तयार होत असला तरी सतराही बाटल्यांत इक्वॉल दिसला असता. अठरातली एकच बाटली खरी होती, तुझी. तिच्यावरून एवढंच सांगता येत होतं की तुझ्या पोटात ते जंतू आहेत.

तू रागावली नाहीस. पायरीवर बसून राहिलीस. मग विचारलंस, सगळ्यांची इतकी कमी कशी?

तारामती म्हणाली, "बाजारात जावचां आसता ना. सकाळी पाणी कोण पिता? प्यायलां तर दिवसभर जातलंव खंय?"

मासळी बाजारात बायकांसाठी शौचालय नव्हतं. आपण दोघं त्या बाजाराच्या दोनशे पावलांवर वाढलो होतो आणि दोघांनाही हे माहीत नव्हतं. तू त्याच आठवड्यात नगरपालिकेला अर्ज केलास. त्याची पोच तू मला ठेवायला दिलीस. ती माझ्याकडे आहे. शौचालय अजून झालेलं नाही.

त्या दिवशी घरी जाताना तू म्हणालीस, "आता दुरुस्ती छाप."

इथून आपला वाद सुरू होतो. तो दोन वर्षं चालला. त्याचे चार मसुदे माझ्या टेबलाच्या खणात आहेत.

पहिला माझा होता. 'काही तांत्रिक कारणांमुळे चाचणीचे निष्कर्ष ग्राह्य धरता येत नाहीत.' तू 'तांत्रिक'वर लाल गोल काढलास. "ह्येचो अर्थ काय? कोणाक काय कळतलां ह्येच्यातून?" दुसरा तुझा होता. 'नमुने घेताना माझ्याकडून हलगर्जी झाली.' मी तो छापायला नकार दिला. तुझी नेमणूक जूनमध्ये संपत होती, आणि असं छापून आल्यावर ती पुन्हा झाली नसती. तू म्हणालीस ते तुझं तू बघशील. मी म्हणालो मी छापणार नाही. तिसरा माझा होता आणि त्यात 'सहभागी महिलांकडून नमुने एकत्र झाल्याने' असं होतं. तो तू वाचलास आणि तुझा आवाज चढला.

"बायकांचां नाव घेतलंस तर बघ. बाजारात लोक त्यांका काय म्हणतले म्हायत आसा? जन्मभर बाटल्येवरसून चिडवतले. त्येंनी काय चूक केली? माका अर्धां दिसू नये म्हणान भरून दिल्यानी."

"मग चूक कोणाची लिहू?"

 चौथा मसुदा तू लिहून आणलास. चांगल्या अक्षरात, कॉलेजच्या रेघांच्या कागदावर. त्यात सगळं होतं. सोयाबीनमधल्या पदार्थाचं काय होतं, कोणाच्या पोटात होतं, कोणाच्या नाही, आणि डॉक्टरांच्या गोळ्या बंद करू नयेत. पहिलं वाक्य संपल्यावर एक ओळ मोकळी सोडलेली होती. तू म्हणालीस, "ही जागा तू भर."

मी तेव्हा म्हणालो, बघतो. तुला वाटलं असेल मला कळलं नाही. मला कळलं होतं.

मी तो कागद खणात ठेवला. संपादकांपर्यंत चारांपैकी एकही मसुदा नेला नाही. संपादक छापणार नाहीत, असं मी तुला दोन वेळा सांगितलं. मी त्यांना विचारलंच नव्हतं.

या सगळ्यात भागीकाकीचं काय झालं, हे सांगायला हवं. बातमी आली त्या आठवड्यात तिने सुनेकडून ती वाचून घेतली, कात्रण देव्हाऱ्याशेजारी खिळ्याला लावलं आणि गोळ्या बंद केल्या. रोज सोयाबीनचं घावन खायला लागली. खरं कळल्यावर तू लगेच तिच्या घरी गेलीस. मीही बरोबर होतो. तू सगळं समजावलंस, तीन वेळा. "तुझ्या पोटात तां होता की नाय तां आमका म्हायतच नाय, काकी. गोळ्यो घे."

ती ऐकत होती. मग म्हणाली, "तू सांगतस तां खरां असतलां, बाये. पण पेपरात तसां खंय इलां?"

तू माझ्याकडे पाहिलंस. मी खिळ्यावरचं कात्रण पाहत होतो.

पुढच्या वर्षी नोव्हेंबरात ती बाजाराच्या ओल्या पायरीवर घसरली. उजवं मनगट मोडलं. पायरी ओली होती, तिचं वय साठीचं होतं, ती गोळ्या घेत नव्हती. इथे 'त्यामुळे' लिहिता येत नाही. तू स्वतःच मला सांगितलंस, "ह्येचो पुरावो नाय. गोळयो घेतल्यान असत्यान तरी मोडलां असतां काय, कोण सांगतलो?" एवढं बोललीस आणि त्यानंतर दोन महिने माझ्याशी बोलली नाहीस. रविवारी मी ओट्यावर आलो की तुझी आई चहा द्यायची आणि म्हणायची, ती आत वाचत बसली आहे. दार उघडंच असायचं.

दवाखान्यात काकीला पुन्हा गोळ्या मिळाल्या. प्लास्टर निघेपर्यंत तिने घेतल्या. मग पुन्हा बंद. कात्रण खिळ्यावरच होतं.

दोन वर्षं राहून गेलेली दुसरी फेरी तू यंदा एप्रिलमध्ये घेतलीस. बायकांना पुन्हा गोळा केलंस. मला बोलावलं नव्हतंस, मी ऐकून आलो. बाटल्या नव्या होत्या. लाल रेघ नव्हती. प्रत्येक बाटली तू वर्तमानपत्राच्या कागदात तळापासून तोंडापर्यंत गुंडाळून दोऱ्याने बांधली होतीस.

"ह्यां काय?" तारामती म्हणाली. "बाटल्येक लुगडां?"

"व्हय. आता कोणाची किती तां कोणाक दिसूचां नाय. आणि कोणी कोणाक देवचां नाय. चार थेंब असले तरी माका पुरे."

"चार थेंब?" भागीकाकी म्हणाली. "मगे पयल्यांदा ती रेघ कित्याक मारलंस?"

तू म्हणालीस, "चुकलंय, काकी."

इतकं सोपं होतं ते. तिने मान हलवली आणि बाटली घेतली.

मी एक बाटली उचलून पाहिली. कागद आमच्याच वृत्तपत्राचा होता. तू तिरक्या नजरेने बघत होतीस. "तुझ्या पेपराचो येवढो तरी उपयोग झालो," तू म्हणालीस. दोन महिन्यांचा अबोला संपल्यानंतरही तू माझी थट्टा केली नव्हतीस. ही पहिलीच होती. मला बरं वाटलं आणि त्या दिवशीही मी ती ओळ भरली नाही. पत्र येऊ दे, मग सगळं एकदमच छापू, असं मी ठरवलं.

सकाळी तू स्वतः सतरा घरं फिरलीस. प्रत्येक दारात उभी राहून बाटली हातात घेतलीस. अठरावी पुन्हा तुझी. खोका पुन्हा मासळीच्या गाडीतून घाट चढला. मैत्रिणीच्या प्रयोगशाळेत यंत्र बिघडलं होतं, निकालाला उशीर होणार, असा तिचा निरोप आला. जून गेला. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात कॉलेजमागच्या चिखलातून तू अनवाणी आलीस, कारण चपलेचा अंगठा तुटला होता. टाचेला भेग होती. डॉक्टरांनी नंतर विचारलं तेव्हा तूच हे सांगितलंस. ताप त्यानंतर आठवड्याने आला.

पत्र तू गेल्यावर सहाव्या दिवशी कॉलेजच्या पत्त्यावर आलं. कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या शिपाईमामांनी ते न उघडता तुझ्या आईकडे दिलं. आईने ते माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाली, "तूच फोड. ती तुझीच वाट बघी होती, का ह्येची, माका म्हायत नाय."

मी फोडलं. यावेळी बाटल्यांतले आकडे एकमेकांशी जुळत नव्हते. काहींत इक्वॉल आढळला, काहींत आढळला नाही. किती आणि किती, हे मी इथे देत नाही. अठरा बाटल्यांवरून टक्केवारी काढलीस तर बघ, असं तू मला एप्रिलमध्येच बजावलं होतंस. तारामतीच्या बाटलीत आढळला. अठराव्या बाटलीत आढळला, पहिल्यासारखाच. भागीकाकीच्या बाटलीत आढळला नाही.

त्या संध्याकाळी मी खणातून चौथा मसुदा काढला. मोकळी ओळ भरली. दुसऱ्या दिवशी तो संपादकांना दिला. त्यांनी वाचला, विचारलं, "हे तुमच्याबद्दल आहे?" मी हो म्हणालो. त्यांनी सही केली. मला दोन वर्षं ज्याची भीती वाटत होती ते इतकंच होतं.

दुरुस्ती गेल्या शुक्रवारी पान चारवर, तळाशी, डाव्या रकान्यात आली. ती अशी :

'सोयाबीन ठरले किनाऱ्यावरील महिलांचे औषध, ही या वृत्तपत्रात मार्च २००४मध्ये आलेली बातमी चुकीची होती. चाचणी घेणाऱ्या प्राध्यापिकेने खात्री होईपर्यंत बातमी देऊ नये असे सांगितले होते. बातमीदार थांबला नाही. सोयाबीनमधील पदार्थाचे आतड्यातील जंतू विघटन करतात. त्यातून काहींच्या शरीरात इक्वॉल तयार होतो, काहींच्या होत नाही. तयार झाला तरी तो औषधाची जागा घेतो असे सिद्ध झालेले नाही. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या त्यांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत.'

'चाचणी घेणाऱ्या'पासून 'थांबला नाही'पर्यंत मोकळ्या ओळीतलं माझं, बाकी सगळे शब्द तुझे आहेत. मी एकही बदलला नाही.

शनिवारी सकाळी मी अंक घेऊन भागीकाकीच्या घरी गेलो. सुनेने दुरुस्ती वाचली. काकीने ती पुन्हा वाचायला लावली. 'बातमीदार थांबला नाही' इथे तिने सुनेला हाताने थांबवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"ह्यो तू?"

"हो."

"कुंदाक म्हायत होतां?"

"हो."

"आणि तिनां दोन वर्सां कोणाक सांगल्यान नाय?"

"नाही."

तिने सुनेच्या हातातला अंक घेऊन त्या ओळीवर बोट ठेवलं. मग विचारलं, "माझ्या बाटल्येत?"

मी सांगितलं, नाही.

तिने खिळ्यावरचं जुनं कात्रण काढलं आणि चुलीजवळ ठेवलं. नवं कात्रण सुनेने कापून त्याच खिळ्याला लावलं. मोडलेल्या मनगटाने काकीला फळीवरचा डबा नीट उतरवता येत नव्हता, तो मी उतरवून दिला. डब्यात गोळ्यांची पट्टी होती. तिची मुदत संपली होती. आम्ही दवाखान्यात जाऊन नवी आणली.

रविवारी सकाळी आठ वाजता भागीकाकीने पेजेबरोबर एक गोळी घेतली.